कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं मातीचं घर: पाडायचं का ठेवायचं? भिंतीला लोणा, कडीपाटाला भुंगा, घरात दोन पार्ट्या

सोप्यातलं_पोरगं

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

घर मंगळवार पेठेत, बोळात. पणजोबांनी बांधलेलं, आजीच्या हिशोबानं शंभरी गाठली असणार. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या दीड-दोन फुटी भिंती, मधे मधे विटांचं काम, सागवानी खांब आणि तुळया. पुढं सोपा (ओसरीवजा बैठकीची जागा), मग माजघर, मागं स्वयंपाकघर, त्यामागं परसू. वर माडी, माडीला कडीपाट (लाकडी कड्या, त्यावर फळ्या) आणि सगळ्यावर मंगलोरी कौलं. लहानपणी उन्हाळ्यात दुपारी सोप्यात उघड्या फरशीवर झोपायचो, फॅन लावायची गरज पडायची नाही.

आता रडगाणं. साधारण चौदा वर्षांपूर्वी बाबांनी सोप्याच्या आणि माजघराच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, शहाबादी फरशी काढून चकचकीत टाइल्स बसवल्या, मागं परसात सिमेंटचा कोबा केला. दोन पावसाळे भारी गेले, सगळे म्हणाले घर कसं नवं झालं. मग ओल चढायला लागली. पहिल्यांदा वीतभर, मग गुडघ्याएवढी, आता माजघरात कमरेपर्यंत आलीय. डिस्टेंपरचे पोपडे, खाली पांढरा लोणा, रोज झाडलं तरी सकाळी परत पीठ सांडल्यासारखं. वॉटरप्रूफिंगवाल्याला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्यानं कसलं तरी केमिकल मारून गॅरंटी दिली आणि ओल मुकाट्यानं त्याच्या पट्ट्याच्या वर जाऊन बसली.

वर कडीपाटातून बारीक भुसा पडालाय. एका तुळईचं भिंतीत गेलेलं टोक दाबलं की मऊ लागतंय.

काकांनी एक कॉन्ट्रॅक्टर आणलाय, तो म्हणतो पाडा, तीन मजली आरसीसी करून देतो, खाली पार्किंग, वर दोघा भावांना एकेक मजला. आजी म्हणते मी असेपर्यंत कुणी घराला हात लावायचा नाही. बाबा दोघांच्या मधे बसून टीव्ही बघतात. मी पुण्याला नोकरीला आहे, बायकोचं काम घरूनच चालतं, दोघांना परत कोल्हापूरला यायचंय आणि याच घरात राहायचंय. माझ्याकडं आत्ता दहा-बारा लाख आहेत, त्यापेक्षा जास्त नाही.

तर ओल कशी थांबवायची, लाकूड वाचेल का, आजी-बाबांसाठी घरातच संडास-बाथरूम कुठं काढायचं, आणि मुख्य म्हणजे जुनं घर जुनं ठेवायचं म्हणजे नक्की काय काय ठेवायचं हो? सगळंच तर ठेवता येणार नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

बाळा, बाकीचं नंतर. आधी एक सांग, दारात पायऱ्या किती दिसतात आणि तुझ्या लहानपणी किती होत्या?

तांबडा_रस्सा

भावा मी स्पष्ट बोलतो, राग मानू नको. पाड आणि मोकळा हो. आमचं पण असंच होतं शुक्रवार पेठेत, दहा वर्षं डागडुजी डागडुजी करत बसलो, दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं परतायची, माणूस मिळत नाही, मिळाला तर एक कौल बदलताना चार फोडून जातो. सोप्यातलं गार वारं सगळ्यांना आवडतंय पण मध्यरात्री माडीवर भांडी लावत फिरायला कोण येत नाही. शेवटी पाडलं, आता स्लॅबखाली निवांत झोपतोय. जुन्या लाकडाचे पैसे पण बरे आले.

सोप्यातलं_पोरगं

@निवृत्त_ओव्हरसियर काका, आत्ता बाबांना फोन करून विचारलं. आता एक पायरी आणि दुसरीची कड दिसते. बाबा म्हणतात पूर्वी तीन होत्या आणि तिसरीवर बसून आजोबा दाढी करायचे. मी हे कधी मोजलंच नव्हतं!

@तांबडा_रस्सा दादा राग कसला, काका पण डिट्टो हेच बोलतात.

निवृत्त_ओव्हरसियर

मग निम्मं उत्तर तुझ्या बाबांनीच दिलं. बोळातला रस्ता दरवेळी डांबरावर डांबर पडून वर आला आणि तुमचं जोतं जमिनीत गेलं. जोत्याचं कामच मुळी मातीच्या भिंतीला जमिनीपासून वर धरायचं. काळा दगड स्वतः पाणी फारसं पीत नाही, पण त्याच्या दर्जांमधून, म्हणजे सांध्यांमधून, आणि आतल्या भरावातून ओल वर येते. पूर्वी ती यायचीच, आज यायला लागली असं नाही. फरक इतकाच की पूर्वी भिंतीला मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा होता, त्यातून ती वाफ होऊन निघून जायची. खाली शहाबादी होती, तिच्या सांध्यातनं पण जायची. तुम्ही दोन्ही बाजूनं सिमेंटचा रेनकोट घातला, खाली टाइल्सचं झाकण ठेवलं, मागं कोबा. पाण्याला बाहेर जायला वाट एकच उरली, वर. वॉटरप्रूफिंगवाल्यानं पट्टा मारला की ते अजून वर चढतं. येताना जमिनीतले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात, तोच तुझा लोणा. आणि हे मातीच्या भिंतीत होतंय हे लक्षात घे. विटेचं पीठ होतं, मातीची भिंत खालून मऊ होऊन बसते. गिलाव्याच्या मागं भिंत आहे का पोकळी झालीय ते वाजवून बघ, ढब आवाज आला तर तिथं सिमेंट नुसतं स्वतःच्या जोरावर उभं आहे.

करायचं काय, तर क्रमानं पाण्याच्या मागं लाग. भर पावसात घरी ये, छत्री घेऊन परसात उभा राहा आणि कौलावरचं पाणी कुठं पडतं, कुठं जातं हे तासभर बघ. छपराच्या कडेची पन्हाळ फुटकी आहे का, कोब्याचा उतार भिंतीकडं आहे का, मोरीचा पाइप गळतो का. बहुतेक घरांत ओलीचं कारण कुठलंतरी साधं फुटकं पाणी असतं आणि लोक लाखाचं केमिकल मारत बसतात. मग परसातला कोबा भिंतीलगत दीड-दोन फूट रुंदीनं फोडून काढ, चर खण, पायाच्या तळापेक्षा खोल अजिबात जायचं नाही, त्यात खडी भर आणि उतार घराबाहेर दे. बोळाकडच्या बाजूला रस्ता तू उकरू शकत नाहीस, तिथं निदान आतला-बाहेरचा सिमेंट गिलावा जोत्यापासून चार फुटांपर्यंत काढून भिंत उघडी टाक.

गिलावा उकलताना ब्रेकर लावू देऊ नको, छन्नी-हातोडी, आणि एकदम सगळी भिंत नाही, थोडी थोडी. काढल्यावर लगेच दुसरं काही चोपडायचं नाही. दोन फुटी भिंत वाळायला सहा-आठ महिने जातात, एखादी वर्ष पण घेते. घरच्यांना आधीच सांगून ठेव की वर्षभर घर भिकाऱ्यासारखं दिसणार आहे.

आणि स्लॅबबद्दल. मी आयुष्यभर आरसीसीच केलं, माझं त्याच्याशी वैर नाही. पण अर्धवट कॉन्ट्रॅक्टर असतात ते म्हणतात भिंती राहू देत, वर फक्त स्लॅब टाकू. पाच इंची स्लॅबचं नुसतं वजन चौरस फुटाला तीस किलोच्या आसपास. कौलं, वासे, रिपा सगळं धरून त्याच्या चौथाईसुद्धा होत नाही. मातीच्या भिंतीवर असला भार टाकणं म्हणजे म्हाताऱ्याच्या खांद्यावर पोतं देणं. तुमच्या घराचा भार खरं तर लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर आहे, भिंत बरीचशी आडोशाला आहे. १९६७ ला ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पोरगा होतो, आमचं असलंच घर पाळण्यासारखं करकरलं, भिंतीचा एक कोपरा सुटला, पण सांगाडा जागचा हलला नाही. लाकडी खुंट्यांचे सांधे थोडे देतात-घेतात म्हणून. त्या सांगाड्याला कुठंही न विचारता कापू नको, मधला एक खांब अडचण होतो म्हणून काढलेली घरं मी बघितलीत.

एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन आण, पण ज्यानं लाकूड आणि चुना हाताळलाय असा. ज्याला फक्त कॉलम-बीम येतात तो पाडाच म्हणणार.

शिवाजीपेठकर_ताई

दादा, आम्ही हे सगळं करून बसलोय त्यामुळं अनुभवाचं सांगते, चुकांसकट.

आमचं पण पांढरीच्या भिंतींचं, तीन खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण) पुढं आणि दोन मागं. आम्ही सिमेंट काढलं आणि लगेच चार दिवसांत चुन्याचा गिलावा करायला घेतला कारण दिराचं लग्न होतं. भिंत ओलीच होती. लग्नाच्या फोटोत भारी दिसली, पुढच्या उन्हाळ्यात पापुद्र्यासारखी सुटून आली. वर ओव्हरसियर काका म्हणालेत तसं वाट बघा, लग्न दुसरीकडं लावा.

दुसऱ्या वेळी नीट केलं. मातीच्या भिंतीवर थेट चुना धरत नाही, आधी माती आणि गव्हाच्या भुश्श्याचा हात दिला, तो वाळून भेगा पडल्या त्या भरल्या, मग चुना. कळीचा चुना आणून ड्रममधे पाण्यात विरवला (पाण्यात टाकला की उकळी येते, पोरं लांब ठेवा, डोळ्याला चष्मा लावा, आमच्या बिगाऱ्याच्या हातावर शिंतोडा उडाला तर फोड आला). वरती पाणी ठेवून महिनाभर मुरवला. मग एकाला अडीच-तीन वाळू आणि त्यात विटेची सुर्खी, म्हणजे भुकटी. आमच्या म्हाताऱ्या गवंड्यानं हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी टाकायला सांगितलं. आता कोल्हापुरात गुळाला काय तोटा! आमच्या ह्यांनी जोशात दुप्पट गूळ घातला. गिलावा कितीतरी दिवस घट्ट होईना आणि माजघराच्या भिंतीवरून मुंग्यांची वारी निघाली. गवंडी बघायला आला आणि म्हणाला, वहिनी भिंत केली का चिक्की.

गिलावा पातळ हात देत देत करायचा, एक हात बोटाच्या पेराएवढा पण नको, आणि आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडायचं, उन्हात पोतं लावायचं. चुना सिमेंटसारखा रात्रीत होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू परत दगड होतो. म्हणून भर पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात दोन्ही वेळा नको, दिवाळीनंतर धरा. वर ऑइलपेंट, प्लास्टिक पेंट काही नाही, नुसता चुन्याचा हात डिंक घालून. हो, हाताला थोडा लागतो, काळ्या साड्या नेसून भिंतीला टेकायचं नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, काय ठेवायचं. हे मी बाई म्हणून बोलते कारण या विषयावर सगळे पुरुषच कळवळून बोलत असतात. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं त्या घरात खाली बसून स्वयंपाक केला, धूर गिळला, रात्री कंदील घेऊन परसात गेल्या. त्यांना विचारलं आई काय ठेवायचं, त्या म्हणाल्या सोपा ठेवा, देवघर ठेवा, बळद (धान्याचं कोठार) आणि ते अंधारं स्वयंपाकघर आधी फोडा. आम्ही तसंच केलं. स्वयंपाकघराच्या छपराला चार काचेची कौलं घातली, ओटा केला, धुराडं होतं तिथं चिमणी बसवली. कुणी म्हणेल अस्सलपणा गेला. गेला तर गेला. तुमच्या आजीला आणि बायकोला बसवून विचारा की त्यांना काय नकोय, ती यादी आधी करा.

बाथरूम घरात घुसवू नका. मातीच्या भिंतीत पाइप चिरून घालायचा म्हणजे ओलीला घरचा पत्ता द्यायचा. आम्ही परसात स्वतंत्र पाया घेऊन बांधलं, जुन्या भिंतीपासून दोन फूट सोडून, मधे छोटी छपराची पडवी, आणि उंबरा न ठेवता सपाट, म्हाताऱ्या माणसाला रात्री पाय अडकत नाही. पाइप सगळे उघडे बाहेरून. दिसायला थोडं गचाळ दिसतं पण गळलं तर दिसतं तरी.

सुताराची_लेक

लाकडाचं मी सांगते, आमच्या घरात तीन पिढ्या हेच.

भुसा दोन प्रकारचा. बारीक पिठासारखा पडतो आणि लाकडाला सुईच्या टोकाएवढी गोल भोकं दिसतात तो भुंगा. मातीच्या नळ्या भिंतीवरून चढलेल्या दिसतात ती वाळवी. दोघांची औषधं वेगळी, दोन्हीला एकच फवारा मारणाऱ्याला घरी बोलवू नका. आणि भुसा दिसला म्हणजे लाकूड गेलंच असं नाही. भुंगा बऱ्याचदा बाहेरच्या पांढऱ्या रसकाठाला लागतो, आतला गाभा टणक असतो. जुन्या सागाचा गाभा सहसा हरत नाही.

एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दर हातभर अंतरावर दाबत जा. चार मिलिमीटर आत जाऊन थांबला तर काळजी नको, तेवढं तासून काढता येतं. मुठीपर्यंत गेला तर तिथं खडूनं फुली मारा. सगळ्यात आधी तुळयांची टोकं बघा, जी भिंतीत गेलीत, कारण भिंत ओली म्हणजे टोक ओलं. तुमची मऊ लागणारी तुळई त्यातलीच. त्यासाठी अख्खी तुळई बदलायची नसते. खालून टेकू देऊन, सडलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि तेवढाच वाळलेला सागाचा तुकडा तिरक्या लांब सांध्यानं जोडायचा, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. भिंतीत बसवताना टोकाभोवती बोटभर फट हवेसाठी ठेवायची, मसाल्यानं चारी बाजू ठासून बंद केली की वीस वर्षांत परत तेच. जुनं लाकूड टिंबर मार्केटला पाडलेल्या वाड्यांचं मिळतं, नव्यापेक्षा तेच घ्या, ते जेवढं आकसायचं तेवढं आकसून झालेलं असतं.

(तांबडा_रस्सा दादा, तुमच्या घरच्या तुळया आता कुणाच्या तरी फार्महाऊसवर डायनिंग टेबल झाल्या असणार.)

ऑइलपेंट काढायला मशीननं पॉलिश पेपर लावू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ पोरांच्या पोटात जाते, आणि खांबावरचं कोरीवकाम पण घासून सपाट होतं. पेंट रिमूव्हर लावून खरवडा, वेळ लागतो. नंतर जवसाचं तेल. आणि तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात टाका. आमच्या बापूंच्या वर्कशॉपमधे एकदा धूर निघाला होता, सकाळी कोणतरी लवकर उठलं म्हणून वाचलं.

आगीचा विषय निघालाच तर वायरिंग. २०२४ च्या ऑगस्टमधे केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ती रात्र कोल्हापुरात कोण विसरणार, १९१५ ची वास्तू, शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभी केलेली, लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. त्या दिवसापासून आमचे वडील लाकडी घर बघायला गेले की आधी मीटरची पेटी उघडतात. तुमच्या माडीवर लाकडी पट्टीवरची जुनी वायर असेल तर गिलाव्याच्या आधी ती काढा. पाइपातून नवीन वायर, एमसीबी (जादा भार आला की पडणारं बटण), आरसीसीबी (करंट गळला की पडणारं). एसी आणि गिझर दोन्हीला वेगळी लाइन.

पंचगंगेकाठ

मंगळवार पेठ उंचावर आहे त्यामुळं तुमचं नशीब. आम्ही पंचगंगा तालमीकडचे, नदीकाठचे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला ते ५५ च्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा. आमच्या मातीच्या भिंतीत पाणी आठवडाभर उभं होतं. एवढंच सांगतो की जी भिंत जुन्या मातीच्या गिलाव्याची होती ती फुगली, थोडी सुटली, पण वाळली. ज्या भिंतीला सिमेंट होतं ती बाहेरून खणखणीत दिसत होती आणि पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांनी आतल्या आत बसली. रात्री अडीचला आवाज आला. कोण खाली झोपलं नव्हतं म्हणून वाचलो.

तांबडा_रस्सा

सुताराची_लेक ताई, घाव वर्मी लागला 😅 खरं सांगू, आमच्या दिंडी दरवाजाची चौकट, वरच्या गणपती कोरलेल्या गणेशपट्टीसकट, मी विकू दिली नव्हती. ती आता आमच्या तिसऱ्या मजल्याच्या टेरेसवर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून उभी आहे. कुठल्याच दारात बसेना, आता दारं सात फुटी आणि ती पावणेसहाची. बायको म्हणते मोडीत दे.

पण पैशाचं कुणीच बोलंना. दहा-बारा लाखात हे सगळं होतंय होय?

शिवाजीपेठकर_ताई

@तांबडा_रस्सा एकदम केलं तर नाही होत. आम्ही पाच वर्षं लावली. पहिल्या वर्षी छप्पर आणि पाण्याचा निचरा, दुसऱ्या वर्षी लाकूड आणि वायरिंग, मग भिंती, मग फरशी, बाथरूम मधेच कुठंतरी. पाडून बांधताना पैसे एका दमात लागतात, शिवाय दोन वर्षं भाड्यानं राहायचं ते कुणी धरत नाही. आणि चौकट मोडीत देऊ नका हो, मोजमाप टाका.

गल्लीतलाच_वकील

कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. घर कुणाच्या नावावर आहे? मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढलीय का? तुम्ही "दोघा भावांना एकेक मजला" लिहिलंय. आत्या आहेत का? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच. पाडायचं असो वा दुरुस्त करायचं असो, तुम्ही लाखो रुपये घालणार आणि उद्या कागदावर तुमचं काहीच नाही असं व्हायला नको. आधी सिटी सर्व्हेला जाऊन उतारा काढा, वारस नोंदी बघा.

परवानगीचं म्हणाल तर १९६६ च्या नगररचना कायद्यात नुसती आतली डागडुजी, बाहेरचं रूप फारसं बदलत नसेल तर, परवानगीतून वगळलीय. कौलं बदलणं, गिलावा, फरशी यात येतं. परसातलं नवीन बाथरूम, भिंत हलवणं, मजला चढवणं यात येत नाही. आणि घर वारसा यादीत आहे का ते नगररचना विभागात लेखी विचारून घ्या, असेल तर गणित वेगळं. तोंडी उत्तरावर काम सुरू करू नका.

सोप्यातलं_पोरगं

@गल्लीतलाच_वकील साहेब दोन आत्या आहेत. आणि तुमचा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकायची चूक केली. आता पार्ट्या दोनच्या चार झाल्यात. 🙏

सोप्यातलं_पोरगं

मंडळी, दोन-अडीच महिन्यांनी अपडेट देतोय, उशीर झाला.

ओव्हरसियर काकांनी सांगितल्याप्रमाणं ऑगस्टात सुट्टी काढून गेलो आणि भर पावसात छत्री घेऊन परसात उभा राहिलो, शेजारच्या काकू गच्चीवरून विचारत होत्या काय हरवलंय. पंधरा मिनिटांत दिसलं. मागच्या छपराची पन्हाळ मधेच वाकलीय आणि सगळं पाणी एका जागी कोब्यावर पडतंय, कोब्याचा उतार भिंतीकडं, आणि तिथंच आत माजघराची ती सगळ्यात खराब भिंत! चौदा वर्षं आम्ही आतून रंग लावत बसलो होतो. पन्हाळ बदलायला एक दिवस लागला आणि बाराशे रुपये.

पाऊस उघडल्यावर कोबा फोडला, चर काढली. आतला गिलावा उकलताना बहुतेक ठिकाणी भिंत घट्ट होती, एका कोपऱ्यात मात्र हात कोपरापर्यंत आत गेला, नुसता भुगा. तिथं टेकू देऊन ठेवलाय, इंजिनिअर दिवाळीनंतर येणार. टाइल्सपण भिंतीलगतची एक रांग काढली. पहिल्या आठवड्यात घराला मातीचा असा वास सुटला होता की आजी म्हणाली, हां, आता घरासारखं लागतंय.

स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळ्या माडीभर फिरलो. फुल्या निघाल्या सात, त्यातल्या पाच भिंतीतल्या टोकांवरच. कड्या जवळजवळ सगळ्या ठणठणीत. फक्त भुंग्याची भोकं आहेत.

आजी, आई आणि बायकोला बसवून नको असलेल्या गोष्टींची यादी केली. आजीनं पहिली गोष्ट सांगितली ती आम्हाला कुणालाच माहीत नव्हती, जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच आहे आणि साठ वर्षं ती तिथं ठेचकाळतेय. मी मोजली, खरंच उंच आहे. जिना जसाच्या तसा ठेवायचा असं मी आधीच ठरवून बसलो होतो. तो आता बदलणार.

काका अजून तीन मजल्यांवरच आहेत. पण परवा आपणहून पन्हाळीखाली बादली लावून बघत होते किती पाणी येतं ते. मोठ्या आत्यांनी सांगितलंय की त्यांना हिस्सा नको, गौरी-गणपतीला चार दिवस सोप्यात राहायला मिळालं पाहिजे, आणि ते लिहून पाहिजे.

@तांबडा_रस्सा दादा, परसातल्या नवीन पडवीला दार काढायचंय. तुमच्या चौकटीचं माप टाकता का? पावणेसहा फूट आम्हाला चालतंय, आमच्यात कोण उंच नाही.

तांबडा_रस्सा

रविवारी टेरेसवर जाऊन मोजून टाकतो. रुंदी सव्वातीन आहे एवढं आठवतंय. पण एक अट, पैसे नकोत, घरभरणीला जेवायला बोलवायचं, तांबडा-पांढरा दोन्ही.

सुताराची_लेक

चौकट उतरवताना खालचा उंबरा वेगळा करू नका, खुंट्या तुटतात, अख्खी आडवी करून चौघांनी आणा. आणि पोरग्या, घर किती खणी आहे ते लिहिलं नाहीस, वडील विचारतायत लाकूड किती लागेल.

सोप्यातलं_पोरगं

पाच खण. आजी साडेपाच म्हणते, जिन्याखालचा अर्धा ती धरते.